क्लॉग म्हणणारी घंटा

नाब्ला डर्कनचा स्वभावच संशयी. पोस्टमन क्लीव्हलँडहून मुलाचं पत्र घेऊन आला की ती आधी पाकीट उलटं करून डिंक नीट चिकटलाय ना ते बघायची, आणि मगच त्याला बस म्हणायची. कोंबडीने अंडं दिलं नाही तर तिला कोंबडीचा राग येत नसे. ती शेजारच्या सिबी गॉनच्या धुराड्याकडे बघायची आणि आज हिच्याकडे काय तळलं जातंय याचा वास घ्यायची. पाद्रीबाबा येताना दिसले की बाकीच्या बायका हात पुसत दाराशी धावत. नाब्ला आधी चुलीशेजारची लाकडी पेटी शालीने झाकायची. पाद्री लोकांना जुन्या वस्तू उचलून डब्लिनच्या संग्रहालयात पाठवायची खोड असते, असं तिचं पक्कं मत होतं.

पेटीत संत मेलोगची घंटा होती. घंटा म्हटल्यावर मनोऱ्यातली गोल, गुळगुळीत घंटा डोळ्यांपुढे आणू नका. ही चौकोनी होती, लोखंडी पत्रा वाकवून, कडांना रिव्हेट ठोकून, वर पितळेचा मुलामा दिलेली. उलटी धरली तर शेळीचं दूध काढायला बरी पडेल एवढी. आतला लोलक कधीकाळीच गळून पडलेला, त्यामुळे ती समुद्रकाठच्या गोट्याने वाजवायची. डर्कनांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. घरचा पुरुष तिचा राखणदार, तो गेला की त्याची बायको. नाब्लाचा नवरा होडीसकट बुडाला, तेव्हापासून राखण तिच्याकडे आली होती.

मेयोतल्या त्या डूरल वाडीच्या लोकांना कोर्टाची पायरी इंग्रजांच्या राज्यातही नको होती आणि स्वतःचं सरकार आल्यावरही नको होती. कुणी रातोरात हद्दीचा दगड सरकवला, कुणी मेंढीच्या कानावरची खूण बदलली, तर दोघेही नाब्लाच्या स्वयंपाकघरात यायचे. ज्याच्यावर आळ असेल तो घंटेवर हात ठेवून शपथ घ्यायचा. मग नाब्ला गोट्याने तीनदा घंटा वाजवायची आणि विषय संपायचा. खोटी शपथ घेणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, अशी सगळ्यांची खात्री होती. ओवेन रुआ म्हणून कुणी होता, त्याचं तोंड कानाला जाऊन टेकलं आणि शवपेटीत घालतानाही सरळ झालं नाही, असं लहान पोरांना सांगत. ओवेनला पाहिलेलं मात्र कुणी जिवंत नव्हतं.

त्या वर्षी मास्तर टोलन यांनी घंटेचा भाव आणखी चढवून ठेवला. मास्तरांना शब्दांचं वेड. रविवारी मासच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या भिंतीला टेकून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आपण घंटेला क्लॉग म्हणतो. का म्हणतो? कुणी ठेवलं हे नाव? कुणीच नाही. तिने स्वतःच सांगितलं. पत्र्याच्या घंटेवर दगड मारा, ती काय म्हणते? क्लॉग. आपल्या साधूंनी ही घंटा हातात घेऊन सगळा युरोप पालथा घातला, आणि जिथे गेले तिथे शब्द सोडून आले. इंग्रज घड्याळाला क्लॉक म्हणतो ना, ते आपल्या घंटेवरून. त्याच्या मनोऱ्यातलं घड्याळ आधी घंटाच होतं."

"म्हणजे इंग्रज आपलाच शब्द भिंतीला टांगून वेळ बघतो?" ह्यूई गॉनने विचारलं.

"बघतो."

"आणि आपल्यालाच उशिरा आलात म्हणून ओरडतो."

लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून जो तो नाब्लाकडे येऊन म्हणू लागला, काकू, एकदा वाजव, नाव सांगू दे तिला. नाब्ला वाजवायची. क्लॉग. लोक खूश होऊन जायचे, आणि नाब्ला घाईघाईने पेटीचं झाकण लावायची.

कारण ही घंटा मेलोगची नव्हती.

लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या तान्ह्या पीटरला ताप भरला होता. आजाऱ्याला घंटेतून पाणी पाजायची रीत होती. सासू बाजारला गेलेली, बाहेर गारठा, आणि पोराचं अंग भाजत होतं. एवढं थंडगार पाणी याच्या घशात कसं ओतू, म्हणून नाब्लाने घंटेत पाणी घेतलं आणि ती चुलीत टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, निखाऱ्यावर ठेवली, जरा कोमट व्हावं म्हणून. कुणाही आईने केलं असतं. पण शेकडो वर्षांच्या गंजाने पोखरलेला पत्रा. बघता बघता त्याचा तळ सुटला, कडा उकलल्या आणि मेलोगची घंटा राखेत पापडासारखी मोडून पडली. पीटरचा ताप दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. नवऱ्याने तुकडे गोळा करून समुद्रात टाकले आणि माळावर उतरलेल्या टिंकरांच्या तळावर गेला.

टिंकर म्हणजे आपल्याकडच्या कल्हईवाल्यांसारखे, गाडी आणि तंबू घेऊन गावोगाव फिरणारे, डबे-बादल्या करणारे, भांड्यांना डाग देणारे. त्यांचा म्हातारा फेलिम मॉन्गन याने तसाच पत्रा वाकवला, तसेच रिव्हेट ठोकले, मुलामा दिला, आणि रंग उतरावा म्हणून ती दलदलीच्या काळ्या पाण्यात बुडवून ठेवली. सासू बाजारहून परस्पर बहिणीकडे राहायला गेली म्हणून बरं. ती परतली तेव्हा घंटा पेटीत होती. सासूने ती वाजवली, कान दिला आणि म्हणाली, "बघ, कशी स्वच्छ बोलते." नाब्लाने तेव्हापासून कुणाच्या कानावर भरवसा ठेवला नाही.

आता सासू नाही, नवरा नाही, फेलिमही नाही. जाणणारी ती एकटीच. निदान तसं तिला वाटत होतं, बार्टली येईपर्यंत.

बार्टली हा फेलिमचा धाकटा. थंडीच्या तोंडावर तो बायको विनीला घेऊन आला आणि ओढ्याकाठी तंबू ठोकून बसला. विनीचे दिवस भरत आले होते, बाळंतपण होईस्तोवर हलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. नाब्लाने त्याला लांबून बघितलं आणि तिला बापाचेच खांदे दिसले. झालं, तिची झोप उडाली. बापाने मुलाला सांगितलं असेल का? सांगितलं असणारच. पुरुषांच्या पोटात काही राहतं का? मग हा इथेच का आला? मेयोत दुसरे ओढे नाहीत?

एक दिवस तो दारात उभा राहिला. "काही डाग द्यायचंय का, मालकीणबाई?"

नाब्लाने गळकी बादली पुढे केली, मुद्दाम, तो घरात कुठे बघतो ते बघायला. त्याने बादली अंगणातच घेतली. भोकाभोवती कणकेची भिंत केली, आत शिसं ओतलं, कणीक काढून कोंबड्यांपुढे टाकली आणि डाग घासून साफ केला. मग एकदाच मान वर करून चुलीशेजारच्या पेटीकडे पाहिलं.

"किती झाले?" नाब्लाने विचारलं.

"राहू द्या. तुमच्या घरचं काम आहे."

"माझ्या घराचं काय विशेष?"

"काही नाही. बाप तुमचं नाव काढायचा."

नाब्लाने दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून राहिली. फुकट? टिंकर फुकट काम करतो? ही तोंड बंद ठेवायच्या सौद्याची सुरुवात होती, दुसरं काय. आज बादली फुकट, उद्या म्हणेल बटाट्याचं पोतं द्या, परवा म्हणेल गाय द्या. ती रोज त्याची वाट बघू लागली. तो यायचा, नमस्कार करायचा, पुढे जायचा. मागत काहीच नव्हता, आणि नाब्लाला त्याचाच जास्त संशय यायला लागला.

अशात ह्यूई गॉनची नळी गेली. ह्यूई दलदलीच्या आडोशाला बार्लीची हातभट्टी लावायचा. हे पाद्रीबाबांना ठाऊक होतं, पोलिसांना ठाऊक होतं, आणि ख्रिसमसला दोघांच्याही घरी बाटली पोचत होती. भट्टीचा जीव तिच्या तांब्याच्या वेटोळ्या नळीत. तीच नाहीशी झाली. पोलिसात जाऊन काय सांगणार, माझ्या बेकायदा भट्टीची नळी चोरली म्हणून? ह्यूईने दोन आणि दोन चार केले: तांबं म्हणजे धातू, धातू म्हणजे टिंकर.

रविवारी मास आटोपल्यावर सगळी वाडी नाब्लाच्या स्वयंपाकघरात जमली. ह्यूई पुढे, त्याची बायको सिबी त्याच्या पाठीमागे, मास्तर टोलन खिडकीशी. बार्टली दारात.

"आत ये," ह्यूई म्हणाला. "एरवी टिंकरचा हात आम्ही घंटेला लागू दिला नसता. पण आम्ही माणूस बघत नाही, न्याय बघतो. नळी घेतली नाहीस ना? मग हात ठेव आणि तसं म्हण. मोकळा झालास."

नाब्लाने पेटी उघडली आणि घंटा टेबलावर ठेवली. तिच्या डोक्यात एकच विचार घुमत होता. हा आता लगेच शपथ घेणार. का नाही घेणार? याला ठाऊक आहे ही याच्या बापाच्या हातची आहे. चोरी केली असो वा नसो, हा हसतहसत हात ठेवील, सगळे विश्वास ठेवतील, आणि त्या शपथेला काडीची किंमत नाही हे खोलीत फक्त मला कळेल. आणि जाताना हा माझ्याकडे बघून डोळा मारील.

बार्टली टेबलाजवळ आला. त्याने घंटेकडे बराच वेळ पाहिलं. रिव्हेटवरून नजर फिरवली. मग हात पाठीमागे घेतला.

"मी नळी घेतलेली नाही," तो म्हणाला. "पण या घंटेवर शपथ घेणार नाही. दुसरं काही द्या. क्रूस द्या."

खोलीत कुजबुज उठली.

"क्रूसावर कुणीही शपथ घेतं," ह्यूई म्हणाला. "क्रूस माफ करतो. मेलोग करत नाही. का रे, तोंडाची काळजी वाटते? फार देखणं नाहीये ते, थोडं वाकडं झालं तर कुणाला कळणार नाही."

"मी घेणार नाही."

"का?"

"ते मी सांगू शकत नाही." आणि हे म्हणताना त्याने नाब्लाकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"मग आमचं उत्तर आम्हाला मिळालं," ह्यूई म्हणाला. "उद्या दुपारच्या आत तंबू काढ. नाहीतर आम्ही येऊन काढू."

"बायकोचे दिवस भरलेत, ह्यूई."

"त्याचा विचार नळी उचलताना करायचा होता."

नाब्ला घंटेवर हात ठेवून उभी होती. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेऊन घेऊन तिने एक गोष्ट नीट शिकून घेतली होती, माणूस कशाला नाही म्हणतो ते बघायची. या माणसापुढे सुटकेचा रस्ता उघडा होता. हात ठेवायचा आणि चालू लागायचं. त्याने तो नाकारला, कारण पोकळ शपथ घेऊन लोकांना फसवायचं त्याच्या मनाला पटलं नाही. आणि कारण सांगितलं असतं तर तिची अब्रू गेली असती, म्हणून तेही सांगितलं नाही. सगळी खोली म्हणत होती, हा चोर ठरला. हा चोर नाही हे एवढ्या लोकांत तिला एकटीला दिसत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती आधी चिडलीच.

"थांबा," ती म्हणाली. "कुणी जायचं नाही. ही मेलोगची घंटा नाही."

बोलणं सुरू झाल्यावर ती थांबली नाही. पीटरचा ताप, निखारे, मोडलेला पत्रा, समुद्रात टाकलेले तुकडे, फेलिम मॉन्गन. सगळं सांगितलं, सासूने कान देऊन केलेली तारीफही सांगितली. "म्हणून याने शपथ घेतली नाही. याच्या बापाने केलेल्या डब्यावर हा कसली शपथ घेणार? इतकी वर्षं तुम्हीच एका डब्यावर हात ठेवून हद्दी ठरवताय."

तिला वाटलं होतं, आता ओरडा होईल. कुणी तिला खोटारडी म्हणेल, कुणी थुंकेल. तिने त्याची तयारी केली होती. पण लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि मग त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिने चटकन ओळखली. ती तिचीच नजर होती, पोस्टमनसाठी आणि पाद्रीबाबांसाठी ठेवलेली.

"नाब्लाकाकू," ह्यूई हळू आवाजात म्हणाला, "त्याने तुला काय दिलं?"

"काय देणार तो मला?"

"ती बादली तुझी कालपरवापर्यंत गळत होती. आता गळत नाही. पैसे किती दिलेस?"

नाब्लाने बादली पायाने मागे सरकवली.

"फुकट," मागून कुणीतरी म्हणालं. "मी बघितलं, पैसे न घेता गेला. तेव्हाच मला शंका आली होती."

"अरे, बादलीसाठी मी माझ्याच घराण्याच्या तोंडाला काळं फाशीन?"

"म्हातारपणी माणूस काय करील सांगता येत नाही," कुणाची तरी आई म्हणाली. ती नाब्लाहून थोरली होती.

ह्यूई बार्टलीकडे वळला. "तू सांग. तुझ्या बापाने केली ही?"

"बाप तसं म्हणायचा," बार्टली म्हणाला.

सगळी खोली हसली. फेलिम मॉन्गन काय म्हणायचा ते सगळ्यांना पाठ होतं. लंडनच्या राजाच्या घोड्याला त्याने नाल मारले होते. पोपच्या चहाच्या किटलीला त्याने डाग दिला होता, आणि पोपने त्याला दुसरा कप ओतला होता. चार परगण्यांत त्याच्याएवढा थापाड्या झाला नव्हता. लोक डोळे पुसत हसत होते आणि बार्टली मान खाली घालून ऐकत होता.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात," ह्यूई म्हणाला. "तुम्ही बोला."

मास्तर टोलन पुढे आले. त्यांनी घंटा डाव्या हातात उचलली, गोटा उजव्या हातात घेतला आणि मारला. क्लॉग.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "नाव सांगते ती. हजार वर्षांपूर्वीचा शब्द आहे हा, आणि तो हिच्या तोंडातून बाहेर येतोय. हे कुठल्या टिंकरला बनवता येईल?"

"पत्रा आहे तो, मास्तर," नाब्ला म्हणाली. "कुठलाही तसा पत्रा तसाच वाजेल. तुम्हीच म्हणालात ना, नाव आवाजावरून पडलं?"

"मग तुझी बादलीपण सांगेल की आपलं नाव क्लॉग आहे म्हणून." ह्यूईने बादली उचलली, मास्तरांच्या हातातला गोटा घेतला आणि हाणला. टण्ण. पातळ, रिकामा, बाजारू आवाज. ह्यूईने मग घंटेवर मारला. क्लॉग. पुन्हा बादली, टण्ण. लोकांनी माना डोलावल्या. याहून चांगला पुरावा डूरलमध्ये कुणी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्याने तर छातीवर क्रूसाची खूण केली.

मग फार बोलणं झालं नाही. टिंकरने जायचं, हे आधीच ठरलं होतं. राखणदार बाई टिंकरला फितूर झाली, निदान तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, म्हणून घंटा तिच्याकडे ठेवता येत नाही, हेही ठरलं. ह्यूईच्या आजीची आजी डर्कनांकडची होती, हे ह्यूईला नेमकं त्याच वेळी आठवलं.

दुपारी पेटी न्यायला सिबी एकटी आली. नाब्लाने पेटी टेबलावरून सरकवली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळपासून सिबीने डोळे वर केले नव्हते. नाब्लाच्या मनात काही तरी खटकलं.

"तूच ना गं?"

सिबीने दाराबाहेर बघितलं आणि ती बाकावर टेकली. "दलदलीत टाकली. काळ्या डबक्यात. काय करू काकू? विकतो त्याच्या दुप्पट स्वतः पितो. मला वाटलं, नळी गेली की महिनाभर तरी घरात शांतता. हा टिंकरवर आळ घेईल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"मग ऊठ आणि सांग त्यांना."

सिबी उभी राहिली. तिने पेटी काखेत घेतली. "मी सांगितलं तर तो माझं काय करील ते तुला ठाऊक आहे. तू सांग हवं तर. तुझ्यावर सकाळी फार विश्वास ठेवला ना सगळ्यांनी." हे ती कुत्सितपणे म्हणाली नाही. रडतच म्हणाली.

नळी पुढच्या उन्हाळ्यात टर्फ कापताना सापडली. टिंकरने लपवून ठेवली होती, असंच सगळे म्हणाले, आणि शपथ न घेणाऱ्याचं शेवटी कसं बाहेर येतं याची ती गोष्ट झाली. पण तेव्हा त्या रविवारी नाब्ला रिकाम्या चुलीकोपऱ्याकडे बघत बसली होती. पेटीच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला होता. बघता बघता तिच्या लक्षात आलं की आता पाद्री आला तर झाकायला काही नाही. मग ती उठली, शाल घेतली आणि सगळ्यांच्या दारांसमोरून ओढ्याकडे चालत गेली.

बार्टली तंबूच्या काठ्या उपसत होता. विनी गाडीच्या कडेला पोट धरून बसली होती, चेहरा पांढराफटक.

"त्या काठ्या राहू दे," नाब्ला म्हणाली. "आधी हिला माझ्या घरी ने. चुलीमागच्या खोलीत पलंग आहे. माझं घर माझं आहे, तिथून कुणी कुणाला काढू शकत नाही. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, मला काही नकोय तुझ्याकडून."

"मालकीणबाई, आमच्यामुळे तुमचं सगळं गेलं."

"माझं कधी नव्हतंच ते. पण एक सांग. तू बापाचं ऐकून ठाम नकार दिलास, मग मी बोलले तेव्हा 'बाप म्हणायचा' एवढंच का बोललास? ठासून का नाही सांगितलंस?"

बार्टली काठीवर हात ठेवून उभा राहिला. "कारण मला ठाऊक नव्हतं. बाप सगळ्यांना सांगायचा, डूरलची घंटा मी केली. राजाच्या घोड्याबरोबर, पोपच्या किटलीबरोबर. आम्ही हसायचो. मला वाटायचं, थाप. मग इथे आलो, तुमच्या पेटीकडे बघितलं, मनात आलं, समजा ही एकच खरी असली तर? सकाळी टेबलाजवळ उभा राहिलो. म्हातारा खोटं बोलला असला तर शपथ घ्यायला हरकत नव्हती. पण खरं बोलला असला तर मी तुम्हा सगळ्यांना फसवत होतो. माझा हात पुढे गेला नाही." तो थांबला. "मरायला टेकला होता, मालकीणबाई, तेव्हासुद्धा म्हणाला, डूरलची घंटा विसरू नकोस, माझ्या हातची आहे. मी म्हणालो, गप पड म्हाताऱ्या, देवाच्या दारात तरी थापा मारू नकोस. मग तो बोललाच नाही. ते आमचं शेवटचं बोलणं."

आयुष्यात पहिल्यांदा नाब्लाला समोरच्या माणसाच्या एकाही शब्दाची शंका आली नाही.

"सकाळी सगळे हसत होते," बार्टली म्हणाला. "तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला."

नव्या राखणदाराच्या बायकोने पहिल्या दिवशी दारात उभं राहून घंटा तीनदा वाजवायची रीत होती. वर गॉनांच्या उंबऱ्यात सिबी आली. तिच्यामागे ह्यूई, मास्तर टोलन, आणि अर्धी वाडी. सिबीने गोटा मारला आणि आवाज ओढ्यापर्यंत खाली आला. क्लॉग.

बार्टलीने टोपी काढली. दुसरा ठोका पडला तेव्हा त्याने ती छातीशी धरली होती, आणि तिसऱ्याला त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "खरं बोलत होतास रे, बाबा," तो म्हणाला. "मला माफ कर." नाब्ला त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि काय करावं हे न सुचून तिने विनीचा हात धरला.

वरून ह्यूईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा. "बघा, बघा तिकडे. मेलोगची घंटा वाजली आणि चोर रडायला लागला."